फक्कीची झोळी

त्या वर्षी मी दोन गोष्टींचे दिवस मोजत होतो. शिक्षणसेवक म्हणून माझी तीन वर्षं दिवाळीच्या सुमारास पुरी होणार होती, आणि ती बिनबोभाट पुरी झाली तरच नोकरी कायम होणार होती. ही एक. दुसरी म्हणजे बायको पोटुशी होती आणि तिचे दिवस श्रावणात भरत होते. नोकरीची काळजी मी शाळेत असताना करायचो आणि बायकोची उरलेल्या सगळ्या वेळात. बायको म्हणायची, काळजी करायचीच नोकरी असती तर तुम्ही पहिल्या दिवशी कायम झाला असता.

आमचा पाडा जव्हार तालुक्यात, वांगणीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात. तिथून जीप मिळते त्या फाट्यापर्यंत नुसती पायवाट. अर्ध्या वाटेवर टेपावर, म्हणजे एका टेकाडावर, दुसरा एक पाडा आहे, त्याला आम्ही मधला पाडा म्हणतो. त्याच्या खाली लगेच ओहळ. उन्हाळ्यात त्यातून शेळीसुद्धा पाय न भिजवता जाते. आषाढात तोच ओहळ माणूस मागतो. आजारी माणूस किंवा अडलेली बाई असली की कळकाच्या बांबूला चादर बांधायची, माणूस आत निजवायचा, वरून दुसरी चादर टाकायची आणि निघायचं. हीच आमची झोळी, आणि हाच आमचा दवाखान्याचा रस्ता.

झोळी एका पाड्याची नसते. ती मधल्या पाड्याच्या टप्प्यात आली की पुढचा माणूस हाळी देतो, "झोळी आलीऽ", आणि तिथली माणसं हातातलं काम टाकून खांदा द्यायला धावतात. आत कोण आहे, कुठल्या जातीचं आहे, काल आपल्याशी भांडलं होतं का, असलं कुणी विचारत नाही. आमची माणसं दमलेली असतात. ओहळ पार करून फाट्यापर्यंत न्यायचं काम त्यांचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझ्या आज्याच्या वेळीही असंच होतं म्हणे.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला बायकोला असंच नेलं होतं. फाट्यावर पोचलो तर जीप नव्हती. बाळ तिथंच झाडाखाली झालं आणि रडलं नाही. त्यानंतर मला त्या वाटेनं जाताना धाप लागायची, रिकाम्या हातानं चालत असलो तरी. या खेपेला श्रावण लागायच्या आधीच तिला जव्हारला माझ्या मावशीकडे नेऊन ठेवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं आणि आठवड्यातून एकदा तरी ते मोठ्यानं बोलून दाखवत होतो.

फाल्गुनात ती कलाकार बाई आली. मुंबईची, चाळिशीची, चित्रकलेच्या कॉलेजात शिकवणारी. येणारे सगळे पाहुणे पाहतात तसा आधी शिरपामाळ पाहिला, मग दाभोशाचा धबधबा, आणि तिथून कुणीतरी तिला आमच्याकडच्या वाटेची गोष्ट सांगितली म्हणून चालत आली. मला वाटलं, फोटो काढेल आणि जाईल. पण बाई राहिली आणि सगळ्यांची ताई झाली. आमच्या घरात निजली, नागलीची भाकरी खाल्ली, आईबरोबर पाण्याला गेली आणि हंडा डोक्यावर घेताना दोनदा सांडून घरभर हसं करून घेतलं. तिच्याविषयी वाईट बोलायला मला जागा नाही. आमच्याकडे येणाऱ्या शहाण्या माणसांत ऐकून घेणारी अशी एखादीच.

तिला रस्त्यावर काम करायचं होतं. म्हणजे, नसलेल्या रस्त्यावर. भिंतीवर टांगायचं चित्र नको, म्हणाली. माणसांनी चालून केलेलं चित्र हवं. पांढरी झोळी पाड्यावरून उचलायची, चालत फाट्यापर्यंत न्यायची, तिथून जव्हारला तहसील कचेरीसमोर नेऊन ठेवायची. त्याला ती परफॉर्मन्स म्हणायची. आमच्या माणसांनी दोन दिवस विचार केला आणि त्याला ताईचं सोंग म्हणायला लागले. बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं काढायची सवय असलेल्या माणसांना यात अवघड काही नव्हतं.

अडलं ते एकाच ठिकाणी. ताईला झोळी रिकामी हवी होती. आत कुणी नाही, हेच तिला दाखवायचं होतं. माणसं म्हणाली, रिकामी झोळी खांद्यावर घेत नाहीत. रिकामा पाळणा हलवत नाहीत ना, तसंच. ताईनं फार समजावलं नाही, हे तिचं शहाणपण. मग आत काय घालायचं? कुणी दगड म्हणालं, कुणी भात म्हणालं. मीच म्हणालो, शाळेत फक्की आहे. खो-खोचं मैदान आखायची पांढरी फक्की, एक गोणी भरून. ताईचे डोळे चमकले. गोणीला खाली बारीक भोक पाडायचं, म्हणजे झोळी जाईल तिथं मागं पांढरी रेघ उमटत जाईल, पाड्यापासून फाट्यापर्यंत. सरकारनं न आखलेला रस्ता आपण आखायचा. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदाच मी सुचवलेलं काहीतरी कुणाला सुंदर वाटलं होतं.

बायकोला नाही आवडलं. ती त्या झोळीत निजून गेलेली बाई. ताईनं तिला विचारलं होतं की तेव्हा काय वाटलं ते सांगशील का, रेकॉर्ड करून घेऊ. तर ती उठून चुलीकडे गेली. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, झोळी काही खेळायची वस्तू नाही. मी म्हणालो, अगं, तुझ्यासाठीच चाललंय, रस्ता झाला तर कुणालाच झोळीत जावं लागणार नाही.

आणि इथं माझा भित्रेपणा आडवा आला. होळीनंतर केंद्रशाळेत बैठक होती. तिथं केंद्रप्रमुखांनी सगळ्यांसमोर, पण माझ्याकडे पाहत, सांगितलं की मोर्चे, धरणी, असल्या भानगडींत शिक्षणसेवकांनी पडू नये, आपली नोकरी अजून कच्ची आहे हे विसरू नये. घरी आलो तो ठरवूनच. ताईला नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि उघड पुढाकार घ्यायचीही नव्हती. मी झोळीबरोबर चालणार, पण मागं, टोपी पुढं ओढून. आणि जितक्या कमी लोकांना आधी कळेल तितकं बरं.

मधल्या पाड्याला निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी ते रोज उद्यावर ढकललं. तिकडे सांगितलं की ते वांगणीत कळणार, वांगणीतून वावर गावात, आणि वावरहून केंद्रशाळा काही लांब नाही. निघायच्या आदल्या दिवशी ताईनं विचारलं, "सर, मधल्या पाड्याला कळवलंय ना?"

"हो, निरोप दिलाय," मी म्हणालो.

इतकं सहज म्हणालो की मलाच खरं वाटलं. मग मनाशी म्हटलं, उद्या सकाळी पुढं जाऊन सांगता येईल.

सकाळी गडबड झाली आणि मी पुढं गेलो नाही. वैशाखातलं ऊन, सगळी माणसं लवकर निघायच्या घाईत. झोळी बांधली तीही आमच्या माणसांनी खऱ्यासारखीच बांधली, कारण खोटी कशी बांधतात ते कुणाला ठाऊकच नव्हतं. गोणी माणसासारखी आडवी निजवली, डोकं येतं तिकडून थोडी उचलून. वर चादर टाकली. शेजारून चालायला आई निघाली, कारण झोळीबरोबर घरातली एक बाई चालतेच. आणि खांद्यावर वजन आल्याबरोबर चौघांचे पाय आपोआप धावायला लागले. ताई म्हणाली, सावकाश चला. पण झोळी खांद्यावर असताना सावकाश चालायची सवय आमच्यात कुणालाच नव्हती. ताई कॅमेरा घेऊन मागून पळत होती आणि पांढरी रेघ तिच्या पायांखालून पुढं चालली होती.

टेपाच्या वळणावर आलो आणि पुढच्या माणसानं सवयीनं हाळी दिली.

"झोळी आलीऽ"

मी मागं होतो. ओरडून थांबवू शकलो असतो. तोंड उघडलंही. पण काय सांगणार होतो, आणि एवढ्या सगळ्यांसमोर? तेवढ्या वेळात मधल्या पाड्यातून माणसं धावत सुटली होती. ते राब भाजायचे दिवस. भाताची रोपं करायच्या जागेवर पाला, फांद्या, शेण पसरून पेटवतात, आणि पेटलेल्या राबाजवळ माणूस उभा असावा लागतो, नाहीतर आग बांध सोडून जाते. माणसं हातातल्या हिरव्या डहाळ्या तिथंच टाकून आली. सगळ्यांत पुढं होता तो म्हातारा, ज्याला दोन्ही पाड्यांत सगळे मामा म्हणतात. त्यानं काही न विचारता आमच्या माणसाच्या खांद्यावरून कळक आपल्या खांद्यावर घेतला.

ताईला वाटलं, हे ठरल्याप्रमाणेच चाललंय. तिचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. ओहळाच्या कोरड्या पात्रापर्यंत मामानं झोळी नेली. तिथं त्याच्या बंडीवर पांढरं पडलेलं दिसलं. त्यानं हातानं झटकलं, बोटं पाहिली, मग खाली वाटेवरची रेघ पाहिली. झोळी खाली ठेवायला लावली आणि चादर उचलली.

आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "सोंग काढायचा तं सांगून काढतात, मास्तर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यात वरून बायकांचा ओरडा आला. राबाची आग बांध ओलांडून मामाच्या घरामागच्या गंजीला लागली होती. छप्पर शाकारायला म्हणून दिवाळीनंतर कापून, वाळवून रचून ठेवलेलं गवत होतं ते. सगळे वर धावलो, डहाळ्यांनी झोडपलं, पाणी ओतलं. घर वाचलं. गवत पार गेलं, आणि वैशाखात डोंगरावर छपराजोगं गवत शोधूनही मिळत नाही.

ताई मामासमोर हात जोडून उभी राहिली. निरोप पोचला नाही, आमची चूक झाली, असं पुनःपुन्हा म्हणाली. निरोप वाटेत कुठं हरवला असेल असंच तिला वाटत होतं. मी तिच्या शेजारी उभा होतो, हातावर काजळी होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मामानं तिला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

पुढं झोळी फाट्यापर्यंत गेली, तिथून जीपच्या टपावर जव्हारला गेली. कचेरीसमोर उरलेल्या फक्कीची रेघ पायरीपर्यंत ओढली. गर्दी जमली, एक साहेब बाहेर येऊन पाच मिनिटं ऐकून गेले, आणि दुपारी शिपायानं ती रेघ झाडून काढली. पेपरात आतल्या पानावर फोटो आला. त्यात पाठमोरा मी होतो. पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी केंद्रप्रमुख शाळेवर आले. ते एवढंच म्हणाले की शाळेची फक्की संपवलीत, आता क्रीडास्पर्धेला मैदान कशानं आखणार? ज्या भीतीपायी मी तो निरोप दिला नव्हता, तिची किंमत एवढीच निघाली. हसावं की कपाळ बडवावं ते मला कळेना.

पाऊस लागला. वाटेवरची रेघ पहिल्या आठवड्यातच धुऊन गेली. मधल्या पाड्याजवळून जाताना मला मामाचं घर दिसायचं. अर्ध्या छपरावर पळसाची पानं आणि फाटकी प्लास्टिकची कापडं होती. मी मान खाली घालून जायचो. कितीदा ठरवलं की जाऊन सांगावं. मनातल्या मनात सगळं बोलून व्हायचं आणि तोवर त्याचं घर मागं पडलेलं असायचं.

बायकोला जव्हारला न्यायचा दिवस मी नक्की केला होता, आषाढातल्या शेवटच्या सोमवारचा. त्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी ती भाकऱ्या थापता थापता थांबली आणि चुलीचा आधार घेऊन खाली बसली. अजून तीन आठवडे होते. आईनं पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, झोळी बांधा.

पाऊस असा होता की वाट आणि ओहळ वेगळे ओळखू येत नव्हते. निम्मी माणसं भाताची रोपं लावायला, आवणीला गेलेली. चौघंच मिळाले, पाचवा मी. चादरीवर प्लास्टिक बांधलं. चिखलात पाय ठरत नव्हते. दोनदा कळक खांद्यावरून निसटला आणि दोनदा ती आतून ओरडली. बाकी वेळ ती दात आवळून गप्प होती, आणि ते मला जास्त भीतीचं वाटत होतं. मी सारखा तिला हाक मारत होतो. ती दरवेळी हूं म्हणत होती, पण हूं यायला उशीर व्हायला लागला होता.

टेपाच्या वळणावर हाळी दिली. "झोळी आलीऽ"

कुणी आलं नाही. पावसाचा आवाज मोठा, ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा दिली. घरांतून धूर येत होता. दारांत माणसं दिसत होती. आमच्याकडे पाहत होती. मी पुढं धावलो आणि ओरडलो, आणि मला माझाच आवाज खोटा वाटला. ओहळ खाली गरजत होता. पाच माणसांनी तो ओलांडणं शक्य नव्हतं. आठ-दहा जणांनी पाण्यात उभं राहून झोळी डोक्यावरून हातोहात द्यावी लागते. मला फाट्यावरचं झाड दिसायला लागलं, तीन वर्षांपूर्वीचं. या वेळी तिथपर्यंतही पोचणार नाही, असं वाटलं.

मामा बाहेर आला. डोक्यावर इरलं घेऊन, घाई न करता. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर त्यानं मला दंडाला धरून बाजूला केलं.

"आत कोन हाय ता दाखव आधी."

"मामा, माझी बायको आहे. वेळ नाही."

"दाखव."

त्यानं स्वतःच प्लास्टिकची गाठ सोडली. चादर उचलली. पाऊस आत पडला. बायको डोळे टक्क उघडे ठेवून त्याच्याकडे पाहत होती, चेहरा राखेसारखा झालेला. मामानं एवढंच पाहिलं, आणि वळून पाड्याकडे तोंड करून स्वतः हाळी दिली. मग दारांतली सगळी माणसं आली. किती आली ते मी मोजलं नाही. ओहळात छातीपर्यंत पाण्यात उभं राहून त्यांनी तिला पलीकडे दिली. सगळ्यांत खोल जागी मामा उभा होता.

मुलगी जव्हारच्या दवाखान्यात झाली. लहानखुरी होती, पण रडली. इतकी रडली की नर्सबाई वैतागल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत राहिलो आणि मलाही रडू आलं, ते मी कुणापासून लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोला म्हणालो, मामानं चादर उचलली त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, चूक माझी आहे. तिला काही समजेना. ती म्हणाली, "मला वाटलं, मी आहे का गेले ते बघतोय. म्हणून डोळे उघडे ठेवले."

ते टेपावर गेलेले क्षण मी पुष्कळदा मोजले आहेत. फार नव्हते. पण त्यानंतर मधल्या पाड्यावर आलेली प्रत्येक झोळी आधी उघडून पाहायची रीतच पडली. सापानं डसलेला असो, तापात बरळणारं पोर असो, आधी चादर वर. आतली माणसं तोंड फिरवतात. कचेरीला आमचा रस्ता काही लवकर सुचला नाही, त्यामुळे मला हे पुष्कळ वर्षं पाहावं लागलं. ताईचं पत्र आलं होतं. पांढऱ्या रेघेचा मोठा फोटो तिच्या प्रदर्शनात होता आणि लोक त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहत होते. फोटोची एक प्रत तिनं मला पाठवली. ती मी घरात लावली नाही.

भादव्यात, मुलगी सव्वा महिन्याची झाल्यावर, मी मामाकडे गेलो. या खेपेला वाटेत काही घोकलं नाही. तो ओसरीत इरलं दुरुस्त करत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निरोप हरवला नव्हता, मी दिलाच नव्हता. नोकरी जाईल म्हणून दिला नाही. ताईशी खोटं बोललो, आणि तुझं गवत जळत होतं तेव्हाही गप्प राहिलो. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. मला वाटलं, तो विचारेल की आम्ही काय कचेरीत जाऊन तुझं नाव सांगणार होतो.

त्यानं दोरी दातांनी तोडली.

"सांगतास तरी आम्ही येतोच ना रं," तो म्हणाला. "राब इझवून आलो असतो, येवढाच."